होल्डवर टाकलं होतं

...नाही, मूर्ख मीच, त्यात वाद नको, आणि तुम्ही उगाच भिडेखातर "अहो, असं कसं, तुम्ही कशाला मूर्ख" वगैरे म्हणायला जाल तर तेवढेही कष्ट घेऊ नका, कारण जे वाक्य मी स्वतः सकाळी खुर्चीत बसल्यापासून संध्याकाळी पर्स उचलेपर्यंत येईल त्या माणसाला ऐकवते... "आपलं हे संभाषण सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी रेकॉर्ड केलं जात आहे"... इतक्या वेळा ऐकवते की परवा दाराशी दूधवाला उभा होता, त्यालाही ऐकवलं, तो बिचारा पिशवी ठेवून पळाला... तर ते वाक्य म्हणणाऱ्या बाईला इतक्या वर्षांत एकदाही वाटू नये, की बाई गं, संभाषण म्हणजे दोघांचं असतं, त्यातली एक तू आहेस?

पण मी होल्डवर टाकलं होतं ना.

थांबा, नीट सांगते. मी कपडे धुण्याच्या मशीनच्या तक्रारी घेते. फोनवर. लांबलचक हॉल, रांगेत टेबलं, दोन टेबलांमधे छातीएवढी फळी, कानावर हेडफोन, तोंडापुढे माइकची दांडी, आणि पलीकडे लोक. काय काय लोक असतात तुम्हाला सांगते. एक आजोबा, "ताई, मशीन चालतंय हो, पण चालतच सुटलंय, मोरीतून निघालं ते आता बैठकीच्या खोलीत आलंय." एक बाई, "आवाज येतो." कसला आवाज? "माझ्या नणंदेसारखा." आता हे मी तक्रारीत कसं लिहू? आणि आपण मात्र तोंडात साखर ठेवून, "आपली अडचण मी समजू शकते, एक मिनिट होल्डवर ठेवू का?" असं विचारून बटण दाबायचं. बटण दाबलं की त्यांच्या कानात ते टिंगटिंग संगीत सुरू, आणि आपल्याला जरा श्वास. तेवढ्यात गोदामाला विचारायचं, भाग शिल्लक आहे का, आणि गोदाम उत्तर देईपर्यंत... गोदाम कधी पटकन उत्तर देतं का हो? मग तेवढ्या वेळात माणसानं करायचं काय?

मी बोलायचे. माझ्या बाजूच्या खुर्चीवर जी बसते तिला आम्ही सगळे 'मगपुढे' म्हणतो. तिला काहीही सांगा, स्वतःचं काही सांगत नाही, सल्ला देत नाही, फक्त डोळे मोठे करून विचारते, "मग पुढे?" अशा बाईजवळ माणूस काय काय ओकून जातो ते तुम्हाला कळायचं नाही. सासूबाईंचा गुडघा सांगितला. यांचं घोरणं सांगितलं. जावेनं वास्तूला बोलावलं नाही ते तर असं सांगितलं, की पलीकडे एका माणसाचं मशीन पाणी ओकत होतं आणि तो संगीत ऐकत होता. मला काय, मी होल्डवर टाकलं होतं.

आणि हे कोण करत होतं? तर जी बाई घरी खासगीपणावर प्रवचनं देते ती. हो, मीच. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी मी लावली. यांच्या फोनमधली निम्मी ॲपं मी काढली, तेव्हापासून यांना रस्ते सापडत नाहीत तो भाग वेगळा. दिरानं भेट दिलेला तो बोलणारा डबा, विचारलं की गाणी लावतो तो, तो मी गोधड्यांच्या कपाटात कोंबला, म्हटलं आमच्या घरातलं बोलणं कुठल्या परक्या माणसानं का ऐकावं? सासूबाईंना त्याची सवय झालेली. त्या आता कपाट उघडतात, गोधड्यांत तोंड घालतात आणि विचारतात, "आज पाऊस आहे का रे?" मी म्हटलं, "आई, तो सगळं ऐकून ठेवतो." त्या म्हणाल्या, "मग बरंच आहे, या घरात कोणीतरी ऐकून ठेवतंय."

आता मुख्य गोष्ट. सांगायला जीभ वळत नाही, पण इथवर आलेच आहे तर सांगते.

मी मुलीचा फोन वाचते.

वाचते म्हणजे... तिचं कॉलेज सुरू झालं तेव्हापासून. आंघोळीला गेली, मोरीची कडी वाजली, की माझा हात फोनवर. ती उघडायला बोटानं जी रेघ ओढते ती मी भाजी निवडता निवडता पाठ केली होती. यांना कळलं तेव्हा हे म्हणाले, "चिकटपट्टी तिच्या फोनला लावायची का तुझ्या डोळ्यांना?" मी म्हटलं, आईचं वाचणं वेगळं. आई म्हणजे काय कंपनी आहे का?

आणि मी शोधत होते काय, तर मुलगा. असा कुठला तरी केस वाढवलेला, गाडीवरनं फिरवणारा. त्याला काय बोलायचं याची माझी तयारीसुद्धा झाली होती. मुलगा नाही निघाला हो. निघाला असता तर बरं झालं असतं. ती मावसबहिणीला लिहीत होती. "इथे माझ्याशी कोणी बोलत नाही. वर्गात गट आधीच पडलेत. डबा मी गच्चीच्या जिन्यात बसून एकटीच खाते."

एवढंच. पुढे एक हसरा चेहरा काढलेला.

आता तुम्ही म्हणाल, मग विचारायचं तिला. कसं विचारू? कुठून कळलं म्हणून सांगू? घरी येते, डबा धुवायला टाकते, मी विचारते, "कसा झाला?" तर म्हणते, "मस्त. सगळ्यांनी फस्त केला." आणि हे वाचायच्या आधी मी, सगळ्यांना आवडतो म्हणून, चांगला चार पोरींना पुरेल इतका भरून देत होते. ती पोर जिन्यात बसून तो सगळा एकटी संपवत होती, मला कळू नये म्हणून. हे माहीत असताना सकाळी डबा किती भरायचा, सांगा. कमी भरला तर तिला कळेल, की मला कळलंय. तेवढाच भरला तर... मी डब्याचं झाकण हातात घेऊन उभी राहायचे आणि हे विचारायचे, "झाकण बसत नाही का?"

मग हे कोणाला तरी सांगायला नको का? सांगितलं. मगपुढेला. पलीकडे एक गृहस्थ होते, त्यांच्या मशीनचं दार उघडत नव्हतं आणि मुलाखतीला जायची त्यांची एकुलती पँट आत अडकली होती. मी म्हटलं, "आपली अडचण मी समजू शकते," बटण दाबलं, आणि इकडे माझं सुरू. जिना, डबा, हसरा चेहरा, सगळं. रडलेसुद्धा. मगपुढेनं रुमाल दिला आणि विचारलं, "मग पुढे?" मी नाक पुसलं, बटण दाबलं आणि म्हटलं, "प्रतीक्षेबद्दल आभारी आहे." त्यांना दार उघडायची युक्ती सांगितली, पँट निघाली, ते इतके खूश झाले की त्यांनी वर कळवलं. आणि माझा तो फोन झाला महिन्याचा आदर्श फोन. नव्या मुलींना ऐकवायचा म्हणे.

टीम लीडर आला, माझ्याहून निम्म्या वयाचा, पण मान अशी हलवतो की जसं काही मला त्यानंच वाढवलंय. म्हणाला, "मॅडम, प्राउड ऑफ यू, जरा तळमजल्यावर जाऊन ऐकून घ्या."

तळमजला म्हणजे आमच्याकडे माणूस आहे. जागा आहेच, पण तिथे एका खोलीत एक काका बसतात, सगळ्यांचे फोन ऐकतात आणि गुण देतात, त्यांनाच आम्ही तळमजला म्हणतो. मी त्यांना फक्त लिफ्टमधे पाहिलेलं. गेले. खिडकी नाही, एक टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा. त्यांनी मला हेडफोन दिला, स्वतः दुसरा घातला आणि लावलं.

काय गोड बोलत होते हो मी. मला वाटलं, ही बाई आमच्या घरी का नाही राहत? "आपली अडचण मी समजू शकते, एक मिनिट होल्डवर ठेवू का?" टक. बटणाचा आवाज. आणि मी हेडफोन काढायला हात वर केला, म्हटलं आता ते टिंगटिंग लागणार... तर संगीत नाहीच. लगेच माझाच आवाज, दुसरा, घरातला, चप्पल शोधताना लागतो तो. "अगं, जिन्यात बसून खाते गं ती..."

मी होल्डवर टाकलं होतं! मी म्हटलं त्यांना. ते म्हणाले, "हो, पण त्यांना टाकलं होतं. होल्डनं फक्त गिऱ्हाईकाचा कान बंद होतो. तुमचा माइक चालूच असतो."

म्हणजे कधीपासून?

"पहिल्यापासून."

मला सांगा, त्या क्षणी माणसानं कुठे बघायचं? मी पंख्याकडे बघितलं. डोळ्यांसमोरून सगळं गेलं, गुडघा, घोरणं, जावेची वास्तू... आणि मुख्य म्हणजे टीम लीडरच्या चालण्याची मी केलेली नक्कल, ती दिसत नाही हे खरं, पण मी तोंडानं आवाज काढले होते. मी विचारलं, "तुम्ही हे सगळं ऐकता?" ते जरा ओशाळले. म्हणाले, "नियमानं होल्डचा भाग सोडून पुढे जायचं असतं. बाकीच्यांचा सोडतो. तुमचा नाही सोडवत." आणि मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मधे तुम्ही आठवडाभर रजेवर होतात, फार अडलं हो. जावेनं नंतर फोन केला का?"

तुम्हाला सांगते, माझा संताप असा उसळला, म्हटलं आता ह्या माणसाला असं सुनवायचं की ह्यानं नोकरी सोडून देवळात जाऊन बसावं. परक्याच्या घरातलं चोरून ऐकता, लाज नाही वाटत, त्या माणसानं विश्वासानं बोललेलं असतं... सगळी वाक्यं तोंडाशी आली. तोंडसुद्धा उघडलं. आणि तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, "मुलगी अजून एकटीच जेवते का?"

झालं. सगळी वाक्यं परत आत.

कारण कोण कोणाला सुनवणार? ह्या माणसाच्या खोलीवर निदान पाटी आहे. तो ऐकतोय हे मी स्वतः दिवसभर ओरडून सांगते. माझ्या पोरीला कोणी सांगितलं होतं, की बाई, तुझं हे लिहिणं आंघोळीच्या वेळात वाचलं जात आहे? आणि हा काका ऐकतो आणि गप्प बसतो, मी तर वाचलं, वर फळीपलीकडे वाटूनही टाकलं, रुमालासकट. मी म्हटलं, "माहीत नाही. विचारलं नाही." ते म्हणाले, "विचारा ना. मलाही कळेल." आणि होल्डचा भाग कापून टाकतो म्हणाले, नव्या मुलींना ऐकवणार नाही. मी आभार मानले. आदर्श पद्धतीनं मानले, सवयच आहे.

मग घरी ठरवलं, सांगायचं. रविवारी दुपारी सासूबाई कपाटाशी हवामान विचारत होत्या, हे झोपले होते, आम्ही दोघी पलंगावर वाळलेले कपडे घेऊन घड्या घालत होतो. मी म्हटलं, "मला तुला काहीतरी सांगायचंय."

"आई—"

"नाही, थांब, आधी मला बोलू दे, नाहीतर राहून जाईल." आणि सुरू केलं. कुठून, तर तिच्या जन्मापासून. तू रात्रभर रडायचीस, तेव्हा पण मी कान देऊन असायचे, आईला सवयच असते ती...

"आई, मला—"

"अगं, पूर्ण तर होऊ दे." मग काळजी म्हणजे काय, मग हल्लीचे दिवस, मग माझ्या आईनं माझी कपाटं कशी उचकली होती आणि मी तेव्हा कशी शपथ घेतली होती की आपण असं वागायचं नाही, मग तळमजला, मग पँट, म्हटलं पँटवाल्याला ह्यात का आणलं मी, पण आणलं...

"आई, ऐक ना, मी—"

"एक मिनिट." देवाशप्पथ, मी तिला एक मिनिट म्हटलं. आणि मग डोळे मिटून एका दमात, "मी तुझा फोन वाचते, तू आंघोळीला गेलीस की वाचते, तू जिन्यात एकटी जेवतेस ते मला महिनाभर माहितीये, आणि मी ते ऑफिसात सांगितलंय, आणि मला तुझ्या तोंडाकडे बघायची लाज वाटते, बोल आता काय बोलायचं ते, ओरड, अबोला धर, कुलूप बदल..."

डोळे उघडले. ती तिच्या आजोळच्या शालीची घडी घालत होती. टोकाला टोक लावलं, हातानं सुरकुती काढली, बाजूला ठेवली.

"माहितीये," म्हणाली. "तुला सांगायचं असतं ते मी फोनमधेच लिहिते. तोंडानं सांगायला गेलं की तू मधेच बोलतेस."