पहिली पसंती

लेकीला लस टोचायला दवाखान्यात नेलं होतं. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ आणि त्यांची बारावी झालेली मुलगी बसली होती. मोबाइलवर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची यादी लागली होती.

"बाबा, हे कसं? मी लांबचं विद्यापीठ पहिलं टाकलं होतं. हे तर आपल्या घरामागचं लागलंय!"

"लागलं ना? मग झालं तर."

"तुम्ही क्रम बदललात?"

"नीट लावला."

"माझ्या मार्कांना ते नक्की मिळत होतं, बाबा."

"म्हणूनच लावला. मिळणार नसतं तर कशाला हात लावला असता?"

"दादा काठावर पास झाला, तरी त्याला बरं पाठवलंत लांब!"

"त्याचं वेगळं. तू गेलीस तर आईच्या गुडघ्यांकडे कोण बघणार? मी?"

"मग मी दुसऱ्या फेरीला बसते."

"पहिली पसंती मिळाली की दुसरी फेरी नाही. तूच शिकवलंस मला."

"आईला माहीत होतं?"

"फॉर्म लॉक करायचा ओटीपी तिच्याच फोनवर आला. तिनेच वाचून दाखवला."

तेवढ्यात तिची आई भिंतीला धरून डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली.

"हात दे गं जरा. अशी काय बघतेस?"

"आई, ओटीपी वाचताना चष्मा लावला होतास?"

"हो. तुझे बाबा म्हणाले, नीट बघून वाच. का गं?"

"काही नाही. एखादा आकडा चुकली असतीस, तर बरं झालं असतं."