मंगळाचा निरोप आणि नागलीचे पापड

...अहो नाही ठेवणार खाली! जो येतो तो म्हणतो, मांडीवरचा डबा खाली ठेवा! तुम्हाला सांगतो, दोन हजार चार साल उजाडलं, तरी सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यावर फोन नाही, आणि आमची उज्वला, हो, माझीच पोरगी, निघाली अमेरिकेला... कशाला? तर मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांचं इंटरनेट जुळवायला! मी म्हटलं, बाई गं, इथं द्वारका चौकातल्या कॅफेत इंटरनेट चहा संपेपर्यंत टिकत नाही, तू मंगळावर काय नेतेस? तर म्हणाली, "बाबा, तिथं सलग लाइन मिळतच नाही. कधी यान मंगळाआड, कधी मंगळच सूर्याआड. मग ज्याच्याकडे निरोप आला, त्यानं तो जपायचा. पुढचा हात मिळेपर्यंत सोडायचा नाही."

अंगावर काटा आला हो! एवढं आभाळ, आणि त्या काळोखात एक यान कुणाचा तरी निरोप पोटाशी धरून वाट बघतंय...

आणि इथं? शनिवारी विमान, आणि गावाकडं माझ्या आईला तारीखच ठाऊक नाही! जाण्याआधी नातीला एकदा डोळे भरून बघायचं होतं तिला. म्हणून नाक्यावर जीपवाल्या बहिरूला निरोप दिला. तर घाटात दरड! बहिरू अडकला बोरगावात, त्यानं सांगितलं दूधवाल्याला, दूधवाल्यानं बाजारात भेटलेल्या आमच्या पाड्यावरच्या भागीबाईला... हे सगळं मागाहून कळलं; त्या वेळी कशाचाच पत्ता नव्हता! मी म्हटलं, बुडाला निरोप. आणि पोरगी हसते! म्हणे, उत्तर आलं नाही म्हणजे निरोप हरवला असं नसतं, बाबा.

विमान गेलं... आणि रविवारी आई दारात! गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत हा डबा. म्हटलं, आई, गेली गं पोरगी. ओट्यावर बसली, आभाळाकडं बघितलं. मग डबा माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "देवराम, नागलीचे पापड हायेत. आता तुझ्याकडं. पुढचा हात मिळस्तोवर सोडायचा नाय."

आता बोला! हिला हे कुणी शिकवलं? पुढचा हात मिळेपर्यंत... तर मंडळी, तुमच्यापैकी अमेरिकेला कुणी चाललंय का? नाही? मुंबईपर्यंत?

...बरं, निदान द्वारकेपर्यंत?