बेदाण्यावर टॅक्स बसतो का, एका शब्दात सांगा

न्हाई, पण मला सांगा, साधं व्हय का न्हाई म्हणायला माणसाला दोन वर्षं लागत्यात व्हय? लागत्यात! एम.कॉम.ला लागत्यात! मी साईराज, गाव कुंडलच्या शेजारी, रोज एसटीनं सांगलीला ये-जा, आणि विषय काय, तर कर संशोधन! आवं, बी.कॉम.पतुर लय बरं हुतं, प्रश्न पुस्तकात, उत्तर पुस्तकाच्या मागं, रेघ मारायची, मोकळं! आता पुस्तक न्हाई, आता चारुशीला मॅडम हाईत. मॅडम सांगलीच्या गावभागातल्या, आवाज एकदम साजूक, वरडत न्हाईत, मारत न्हाईत, नुसता चष्मा नाकावर खाली घेत्यात आणि इचारत्यात, ‘कुठे लिहिलंय?’ बास. ह्या दोन शब्दांनी माझं चार किलो वजन उतरलंय.

तुमास्नी सांगतो, पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर लिहिलं... एक शेतकरी, त्याची द्राक्षबाग, द्राक्षं विकत नाही, शेडमध्ये वाळवून बेदाणा करतो आणि तो विकतो. ह्या कमाईवर आयकर बसतो का? आता हे मला इचारायचं? मला? आमच्या दारात बेदाण्याचं शेड, आई दिवसभर बेदाणा वाळवायच्या जाळ्या झाडती, माझ्या वह्या झटकल्या तर बेदाणे पडत्यात! मी ताडकन उठलो, ‘मॅडम, शेतीचं उत्पन्न हाय, टॅक्स बसत न्हाई!’

‘कुठे लिहिलंय?’

‘आमच्याकडं समद्यांना म्हाईत हाय की!’

‘अहो साईराज, सगळ्यांना माहीत असणं हा आधार नव्हे. कलम शोधा. मग त्यावर कोर्टाचा निकाल शोधा. मग त्या निकालाचं पुढे काय झालं ते शोधा, वरच्या कोर्टाने फिरवलाही असेल.’

म्हणजे बघा! निकाल लागला तरी लागला न्हाई! आणि वर जाता जाता म्हणत्यात, ‘आणि हो, एप्रिलपासून कायदाच नवा आहे, कलमांचे आकडे बदललेत, तेही जुळवून घ्या.’ आता मी जुनी कलमं तोंडपाठ केलेली, त्यांचं काय करू, लोणचं घालू?

तवापास्नं माझं चित्त थाऱ्यावर न्हाई. बसलो की उठावं वाटतंय, उठलो की काहीतरी बघायचं राहिलंय वाटतंय. एसटीत कंडक्टर म्हणला, ‘सुट्टे द्या,’ माझ्या तोंडातनं निघालं, ‘कुठं लिहिलंय?’ त्यानं बोट वर केलं... डोक्यावरच लिहिलेलं! आईनं मंगळवारी नखं काढू नको म्हणल्यावर तिलापण तेच इचारलं. तिनं लाटणं दाखवलं. तो आधार मी मानला.

ह्याच्यात आमचे आबा. आबा म्हणजे वडील, मानसिंगराव, फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले. त्यांना लांबड चालत न्हाई, ‘सीधा जवाब!’ तर झालं काय, कुणीतरी कराडवरनं बातमी आणली की बेदाण्यावर टॅक्स बसणार. गावात नुसती धावपळ! द्राक्षवाल्यांनी रविवारी सोसायटीच्या हॉलात बैठक लावली, आणि आबा चारचौघांत छाती ठोकून म्हणले, ‘माझं पोरगं हेच शिकतंय. रविवारी कोर्टाचा कागद दाखवतो.’

माझं पोरगं! आवं, भरतीत माझी छाती दोन सेंटिमीटर कमी भरली, त्या दिवसापास्नं आबांनी मला चारचौघांत ‘माझं’ म्हणलं नव्हतं. मला लय बरं वाटलं. खरं सांगतो, गोठ्यामागं जाऊन रडलो.

मग काय, बसलो कॉलेजच्या लायब्ररीत कॉम्प्युटरवर! एका खुर्चीवर बूड टिकंना, चारदा पाणी प्यालो, सहादा जिना उतरलो, आणि गुरुवारी दुपारी घावला! निकाल घावला! कुठल्या तरी लांबच्या राज्यातला बागायतदार, बेदाण्याचीच केस, एकेचाळीस पानं इंग्रजी. तिसऱ्याच पानावर सोन्यासारखं लिहिलेलं, द्राक्ष नाशवंत, वाळवणं ही शेतकऱ्याची नेहमीची रीत, म्हणून हे उत्पन्न शेतीचंच! मी थितंच शिट्टी मारली. लायब्रेरियन बाईंनी हाकललं. बाहेर पायरीवर बसून तेवढ्या पानाचं मराठी केलं आणि घरी दिलं. आबांनी काय करावं? पलूसला जाऊन लॅमिनेशन! पन्नास प्रती!

शनिवारी मॅडमना दाखवलं. मॅडमनी मूळ इंग्रजी वाचलं, चष्मा खाली...

‘साईराज, हे कोण बोलतंय?’

‘कोर्ट, मॅडम.’

‘कुठे लिहिलंय?’

आणि गड्या हो, लिहिलंच नव्हतं! वाक्याच्या शेपटाला हुतं, ‘असे अर्जदार बागायतदाराच्या वकिलांचे म्हणणे.’ ते मी मराठी करताना गाळलेलं, उगं जड वाटतंय म्हणून! आणि कोर्टाचं म्हणणं? ते अडतिसाव्या पानावर. बागायतदार हरलेला!

आता ह्यात माझी चूक काय? आमच्याकडं भावकीच्या तंट्यात आपला माणूस झकास बोलला की आपण जिंकलो म्हणून उठतो, चहाला जातो. अडतीस पानं कोण बसतंय?

शनिवारी आबांना सांगायला चारदा तोंड उघडलं. चारी वेळा ते लॅमिनेशन पुसत हुते.

रविवार. हॉल गच्च. आबा उभं राहून खणखणीत वाचतायत, लोकं टाळ्या वाजवतायत, आणि मी खुर्चीवर तव्यावर बसल्यागत! आता ह्या कागदाच्या जिवावर कुणी टॅक्स भरलाच न्हाई तर? नोटीस आली तर आबांच्याच दारात येणार की समदे! उठलो. म्हणलो, ‘आबा, ते कोर्टाचं न्हाई. हरलेल्या वकिलाचं हाय. चूक माझी हाय.’

टाळ्या बंद. दादासो म्हणून आमच्या गल्लीतले म्हातारे, ते उठले, ‘आरं लेका, मग बसतो का न्हाई टॅक्स? एका शब्दात सांग.’

आणि मी म्हणलो... देवा शपथ, तोंडातनं मॅडमच बोलल्या, ‘ते अवलंबून हाय. द्राक्षं घरची का इकत घेतलेली? न वाळवता तशीच बाजारात जात हुती का? काही भाग शेतीचा, काही धंद्याचा धरतील का? तपासून सांगतो.’

‘दोन वर्षं शिकून तपासून सांगतो?’

हॉल खदखदून हसला. तेवढ्यात मागनं धैर्यशील उठला, माझ्याच बरोबरीचा, मोबाईलचं दुकान हाय, बारावीला तीनदा बसलेला. म्हणला, ‘न्हाई बसत! लिहून घ्या!’ आवं, काय टाळ्या! मी वरडतोय, ‘कुठं लिहिलंय? कुठं लिहिलंय?’ कोण ऐकतंय! त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं राहिलं.

आबांनी कागदाची घडी घालायला घेतली. लॅमिनेशन केलेला कागद घडी होत न्हाई, सारखा उघडतोय. शेवटी तसाच काखेत मारला. घरची वाट धरली. दारात आल्यावर म्हणले, ‘समद्यांसमोर चूक कबूल केलीस. फौजेत ह्याला हिंमत लागती.’ आणि आत गेले. मी पुन्हा गोठ्यामागं.

मॅडमना हे समदं सांगितलं, तर त्यांनी मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क दिले. म्हणल्या, ‘आता तुम्हाला संशोधन येतं.’

आलं की! आता गावात कुणी टॅक्सचं इचारायला आलं की आबा स्वतः त्याला गाडीवर बसवून धैर्यशीलच्या दुकानात सोडून येत्यात. म्हणत्यात, ‘आमच्या पोराला नका इचारू. तो शिकलाय.’