एकादशीचा ड्रायव्हर

तुम्हाला सांगतो, एकादशीचा माणूस सोबत न्यावा आणि निश्चिंत राहावं, असा माझा साधा हिशेब होता. इंदूरच्या बायपासवर जागच्या जागी बीअर बनवणारं एक हॉटेल उघडलंय. मला ती चाखायची होती, पण देवासला परत गाडी कोण चालवणार? म्हणून शेजारच्या कापडवाल्या बापूला नेलं. एरवी घेतो, पण एकादशीला कडक!

मी बीअर मागवली. ती येईपर्यंत मॅनेजर आम्हाला टाक्या दाखवायला घेऊन गेला. पहिल्याच टाकीशी बापूनं विचारलं, "भिया, ये काय की है?"

"जौ की, सर."

"धान्य. नाही चालत."

दुसरी गव्हाची निघाली, तीही बाद. मी मनात खूश. तेवढ्यात मॅनेजर तिसऱ्या टाकीवर थाप मारून म्हणाला, "ये साइडर है, सर. खालिस सेब की."

"सेब?" बापूचा चेहरा उजळला. "अरे, हा तर फलाहार!"

"बापू, दारू आहे ती!"

"दारूचं कोण बोलतंय? धान्य आहे का, ते सांग."

मी टेबलाशी पोचेपर्यंत त्याचा पहिला ग्लास संपलासुद्धा! मग काय, माझ्या बीअरचा फेस बसला आणि मी लिंबूपाणी पीत त्याचा फलाहार बघत राहिलो.

मीच गाडी चालवत त्याला घरी सोडलं, तर वहिनी दारातच. बापू गंभीरपणे म्हणाला, "दिवसभर फळांवर आहे."

वहिनींनी नाकाला पदर लावला आणि माझ्याकडे वळल्या, "भाऊजी, यांच्यासारखी तुम्हीही निदान एकादशीला तरी सोडायची होती!"