साहेबापुढं काय नेसायचं

जुन्नरच्या स्टँडवर आळ्याच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर महिला मंडळाच्या शिवणवर्गातल्या दोघी बसल्या होत्या.

"रहिमाबी, उद्या अनुदानवाला सायेब येतोय. नवं लुगडं नेसू का गं?"

"नेस की. त्यो म्हणंल, ठकूबाई सोताच्या पायावर उभी राहिली, आता मंडळाचं अनुदान बंद. मग शिवायला कापड कुठनं आणायचं?"

"बरं, मग फाटकं नेसते."

"मग म्हणंल, सरकारनं मशिन देऊन उपेग काय झाला? मशिनच उचलून न्हेईल."

"अगं बया! मग काय गोधडी गुंडाळून बसू?"

"चोळी नवी घाल, आपल्या मशिनवर शिवलेली. लुगडं मातर फाटकंच नेस."

"म्हंजी वरनं सुधारलेली आन खालनं गरीब?"

"आस्सं! दोनी बी दिसाय पायजे."

"आन त्यानं इचारलं, बाई, वरीसभर शिवताय, तरी लुगडं आसं का?"

"तर लाजायचं न्हाई. म्हणायचं, सायेब, मशिनवर चोळी शिवता येती, लुगडं मातर मागावर इणावं लागतंय. तवा पुढल्या साली मंडळाला एक माग द्या."