मक्याच्या दोन मोकळ्या ओळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक माननीय यशवंतराव टिळेकर साहेब, व्यासपीठावरील कामगार संघटनेचे अध्यक्ष सुजित वाळके, सत्कारमूर्ती भीमराज सरवदे, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि केव्हाच्या पदराशी चाळा करणाऱ्या त्यांच्या पत्नी कस्तुराताई, टूलरूममधले माझे सहकारी, आणि दुसऱ्या रांगेत बसलेले माझे वडील उद्धवराव, म्हणजे आमचे आबा, ज्यांना मी आज मुद्दाम घेऊन आलो आहे, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

भीमराजभाऊंच्या एकतीस वर्षांच्या नोकरीबद्दल साहेब बोलले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या डायांबद्दल, साच्यांबद्दल, न घेतलेल्या रजांबद्दल सगळं बोलून झालं आहे. मग मी काय बोलू? मला पाच मिनिटं दिली आहेत. तेवढ्यात मी मका पेरण्याच्या एका जुन्या यंत्राबद्दल बोलणार आहे. हसू नका, सुजितराव. आज निरोप घेणाऱ्या माणसाचा आणि त्या यंत्राचा संबंध आहे.

चाकणच्या अलीकडे आमचं तीन एकर रान उरलं आहे. भोवती सगळीकडे गोदामं आणि कंटेनरच्या रांगा. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांनी आबांना सांगितलं, रान सपाट करून ट्रेलर उभे करायला तळ म्हणून देऊन टाका. आबा मला म्हणाले, "ज्ञानेश, एक हंगाम देतो तुला. नीट केलंस तर रान ऱ्हाईल. न्हाई जमलं, तर मी न्हाई अडवायचो." तो हंगाम माझ्यासाठी काय होता, हे ज्यांची जमीन कारखान्यांत गेली त्यांना वेगळं सांगायला नको.

गाईंच्या मुरघासासाठी, म्हणजे मुरवून साठवायच्या चाऱ्यासाठी, मका करायचं ठरवलं. ट्रॅक्टर घरचाच होता. मागे जोडायचं चार ओळींचं पेरणी यंत्र मंचरकडच्या एका शेतकऱ्याकडून जुनं आणलं. रंग उडालेला, साखळी ढिली, बियाण्याच्या पेट्यांची झाकणं तारेनं बांधलेली. मी ते भीमराजभाऊंना दाखवलं. हे गृहस्थ पिंपळे गुरवहून गुरुवारी, म्हणजे आपल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी सातला डबा घेऊन हजर!

त्यांनी यंत्राचं चाक जमिनीपासून वर उचललं आणि आमच्या आईकडून चार वाट्या मागून घेतल्या. प्रत्येक नळीखाली एक वाटी. मग हातानं चाकाचे दहा फेरे फिरवले आणि वाट्यांतले दाणे मोजायला बसले. चाकाचा एक फेरा दीड मीटरचा, दहा फेऱ्यांचे पंधरा मीटर, दर वितीला एक दाणा, म्हणजे पंच्याहत्तर दाणे पडायला हवेत. तीन वाट्यांत पडले. चौथीत बावन्नच. पेटी उघडली तर आतली दाणे उचलणारी चकती निराळीच निघाली, भोकं लहान. दुपारपर्यंत हा माणूस ओट्यावर बसून एकेक भोक कानशीनं घासत होता. पुन्हा फेरे, पुन्हा मोजणी. चौऱ्याहत्तर.

मी म्हटलं, झालं की! तर म्हणाले, "हे काँक्रीटवरचं झालं, गड्या. रानात चाक घसरतंय." शेतात पंधरा मीटर यंत्र चालवलं, गुडघ्यावर बसून बोटानं माती उकरत दाणे मोजले. सत्तरच भरले. मग साखळीचं दातेरी चाक बदललं, तेव्हा कुठे समाधान झालं. खोली ठरवणाऱ्या दांड्यावर पिवळ्या रंगाची खूण केली. टूलरूमची सवय, दुसरं काय! निघताना मला दोन गोष्टी सांगितल्या. यंत्र खाली टेकलेलं असताना ट्रॅक्टर मागे घ्यायचा नाही. आणि दर वळणाला उतरून बोटानं बघायचं, दाणा पडतोय की नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेरायला निघालो. तीनला माझी सेकंड शिफ्ट. पहिल्या दोन वळणांना उतरलो, बघितलं, सगळं चोख. आपल्याकडे पहिला पीस पास झाला की मशीन चालू, नाही का? मीही तेच केलं. पुढे उतरलोच नाही. विजेच्या खांबापाशी वळण अडचणीचं होतं, तिथं मी यंत्र न उचलता ट्रॅक्टर दोन हात मागे घेतला. ओली माती डावीकडच्या दोन नळ्यांत घुसून घट्ट बसली. चाक फिरतंय, साखळी फिरतेय, आणि माझं लक्ष घड्याळाकडे. पेरणी संपली तेव्हा दोन पेट्या जवळजवळ भरलेल्या होत्या. आणि लाज वाटते सांगायला, मी खूश झालो. म्हटलं, बियाण्यात बचत झाली!

दहा दिवसांनी मका उगवून आला. खांबापासून पुढे सगळ्या रानात दोन ओळी हिरव्या, दोन ओळी मोकळ्या. चुलते आले, शेजारचे चार लोक आले. पुढच्या गुरुवारी आबांनी भीमराजभाऊंना बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "ही तुमची सेटिंग व्हय?" भाऊ सरळ गोठ्यामागं उभ्या यंत्राकडे गेले. मी मागोमाग. त्यांनी नळीत बोट घातलं. वाळलेल्या मातीचा गोळा बाहेर आला, त्यात एक दाणा अडकलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. आबांची अटही त्यांना ठाऊक होती, मीच सांगितली होती.

गोळा मुठीत धरून ते परत आले आणि म्हणाले, "माझ्याकडून राहिलं असंल काहीतरी. मी मोकळ्या ओळी भरून देतो."

आबा म्हणाले, "कारखान्यातली मानसं ही. ह्यान्ला रानातलं काय कळतंय?"

मीही त्याच कारखान्यातला. पण ते वाक्य माझ्यासाठी नव्हतं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. शब्द साधेच असतात, कोण कोणाला म्हणतं त्यानं ते जड होतात. मी तोंड उघडलं असतं तर? नाही उघडलं. मला रान हवं होतं.

नंतरचे दोन गुरुवार हे नवराबायको आमच्या शेतात वाकून दाणे टोकत होते. कस्तुराताईंचा हात एवढा चालायचा की मी मागे पडायचो. त्यांना खरं माहीत होतं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही. शेवटच्या दिवशी भाऊंनी तो मातीचा गोळा माझ्या हातावर ठेवला. "उतरून बघत जा, भावा," एवढंच. मका पुढे चांगला आला. रान राहिलं. त्या पिवळ्या खुणेवर मी तिसरं पीक घेतोय. पण भीमराजभाऊंना आमच्या घरून पुन्हा बोलावणं गेलं नाही, आणि माझे वडील गावात आजही सांगतात की कंपनीतल्या एका माणसानं आमची पेरणी बिघडवली होती.

आबा, बिघडवली ती मी. खांबापाशी यंत्र टेकवून मीच मागं घेतलं व्हतं. त्यांनी लावून दिलेल्यात काडीची चूक नव्हती. हे ऐकून आता रान तळाला द्यायचं तुम्ही ठरवलंत, तर मी अडवणार नाही. तुम्ही अट घातली होती आणि मी ती पाळली नाही.

अध्यक्ष महोदय, पाच मिनिटं केव्हाच संपली, आपण घंटा वाजवली नाहीत, आपले आभार. संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आपलाही ऋणी आहे.

आता शेवट. 'काही चुकलं असल्यास माफ करा' असं म्हणून खाली बसायची पद्धत आहे. मला तसं म्हणता येत नाही. चुकलं आहे, दोन वर्षं रोज चुकत आलो आहे. भीमराजभाऊ, कस्तुराताई, ते चारचौघांत घडलं होतं, म्हणून चारचौघांत मागतो. मला क्षमा करा.