वर्तन माफ

आमचं गाव पाचोऱ्यापासून दोन कोसांवर. तुम्ही हे लिहिताना नाव नाही घेतलं तरी चालेल ना, ताई? गावाचा यात काही दोष नाही. कापूस, थोडी ज्वारी, एक विहीर आणि दोन भावांचं एकत्र घर. धाकटे माझे वडील आणि थोरले आबा, म्हणजे माझे मोठे काका. आबांना एकच लेक, इंदू, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तिला मी अक्का म्हणतो. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या शिक्षणामुळेच झालं. मी बोलायला धीट नाही. एकतीस वर्षं वर्गात बोललो ते हातात पुस्तक होतं म्हणून, तेव्हा मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

आबा मोठ्या लढाईत फौजेत होते. बंदूकवाले नव्हेत, मोटार ट्रान्सपोर्टमध्ये लॉरी ड्रायव्हर. ब्रह्मदेशाच्या अंगाला डोंगरातले चिखलाचे रस्ते, त्यावरून जाताना पिठाची पोती आणि पेट्रोलचे डबे न्यायचे आणि येताना जखमी माणसं आणायची, हळू आणायची, धक्का बसला की मागून ओरडण्याचा आवाज येई असं ते सांगत. लॉरीला ते म्हैस म्हणत. चिखलात बसली की उठत नाही आणि उठली की ऐकत नाही, म्हणून म्हैस. पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर लोक मुद्दाम विचारत, आबा, तुमनी म्हैस कितलं दूध दे? आणि आबा तितक्याच गंभीरपणे म्हणत, दूध नही दे, पन पेट्रोल इतलं पे का गोरा साहेब रडे. सगळा ओटा हसायचा. आबांना ते हसणं फार आवडे, त्यांच्याजवळ लढाईतून आणलेलं तेवढंच तर होतं, कारण पेन्शन नव्हतं.

आणि पेन्शन नव्हतं यावरूनच सगळं निघालं. मी जळगावला पहिल्या वर्षाला होतो, सुट्टीत घरी आलेलो, आणि अक्काला पाहायला जळगावचेच पाहुणे आले. मुलगा डाळीच्या गिरणीत लिहिण्याच्या कामाला, शांत, अक्काकडे एकदाच पाहिलं आणि बशीतले पोहे न संपवताच खाली ठेवले. अक्का आत येऊन काकूला म्हणाली, चांगला शे. तिने तोंडाने असं कधी काही म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. बोलणी जवळजवळ झाली होती, तेवढ्यात मुलाच्या मामांनी विचारलं, फौजेत होतात म्हणता, मग पेन्शन कसं नाही? काही झालं होतं का तिकडे? त्यांनी हसत विचारलं, पण विचारलं. आबा म्हणाले, मनाजोडे कागद शे ना, आणि आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून फौजेतून सुटल्याचा कागद घेऊन आले. तो पाहुण्यांना दिला असता तर बरं झालं असतं. पण आबांना पुतण्याचं इंग्रजी दाखवायचं होतं. त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, वाच भाऊ, जोरमा वाच.

काय सांगू तुम्हाला, त्या वेळी माझ्या अंगात काय शिरलं होतं. वीस माणसं बसलेली आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. कागद घडीवर फाटलेला, शाई फिकी. नाव वाचलं, ड्रायव्हर वाचलं, मग फौजेतून सुटण्याच्या कारणापुढे आलं, सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड. मी शब्दाला शब्द लावून मराठी केलं, याच्या नोकरीची आता गरज नाही. लढाई संपली तेव्हा हजारो लोकांना असंच लिहून, पेन्शन न देता घरी धाडलं होतं, हे मला कुठं ठाऊक? त्याखाली होतं कॅरॅक्टर, आणि पुढे ई एक्स ई एम पी, आणि बाकीची अक्षरं घडीत गेलेली. मला तो शब्द येत नव्हता, ताई. येत नाही असं म्हणायला हवं होतं, एवढंच करायला हवं होतं. पण दोनच महिन्यांपूर्वी मी कॉलेजात फी माफीचा फॉर्म भरला होता, त्यावर मोठ्या अक्षरांत एक्झेम्प्शन लिहिलेलं, आणि ती पहिली पाच अक्षरं तीच. मी मान वर करून ठणठणीत आवाजात सांगितलं, वर्तन माफ केलेलं आहे.

माफ केलं म्हणजे माफ करण्यासारखं काही असणार, हे समजायला इंग्रजी लागत नाही. आबा गोंधळून म्हणाले, नही रे भाऊ, कागद देतांना साहेबनी तर मना हात हातमा लिधा व्हता, हसी राह्यना व्हता. आणि मी, त्यांच्याच कष्टावर शिकलेला मी, म्हणालो, आबा, कागदावर लिहिलंय. तेव्हा आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, कागदमा शे, मंग खरं शे. तू शिकेल शे. माझ्यावर रागावले असते तर बरं होतं. त्यांनी स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवला. त्या साहेबाचं हसणंसुद्धा त्या दिवसापासून त्यांना थट्टा वाटू लागलं असणार.

पाहुणे चहा न घेता उठले. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. गावात तोवर आबांचं नाव माफीआबा पडलेलं. गिरणीच्या ओट्यावर कुणी तरी विचारलं, का आबा, म्हशीने लाथ मारली का? आबा उठून आले आणि पुन्हा त्या ओट्यावर बसले नाहीत. लढाईची गोष्ट त्यांनी नंतर एकदाही सांगितली नाही. तो कागदही परत कुणाला दिसला नाही, चुलीत गेला की कुठे, कुणी विचारलं नाही. दीड वर्षाने अक्काला शिंदखेड्याकडच्या एका बिजवराला दिली, त्याला आधीची दोन मुलं होती. तिला पोहोचवायला स्टेशनापर्यंत बैलगाडीबरोबर मी गेलो होतो.

आता खरी लाजेची गोष्ट ऐका. मी पुढे मास्तर झालो, आणि कशाचा? इंग्रजीचाच. नोकरीच्या चौथ्या वर्षी नववीच्या धड्यात एक शब्द आला, एक्झेम्प्लरी. फळ्यावर लिहिला, खाली अर्थ लिहिला, आदर्श, इतरांनी ज्याचं अनुकरण करावं असा. लिहितालिहिता पहिल्या पाच अक्षरांपाशी खडू थांबला. त्या क्षणी मला सगळं कळलं. मुलं म्हणाली, सर, पुढे? मी पुढे शिकवलं. त्यानंतर आबा सात वर्षं जगले. मी दर रविवारी गावी जाई, त्यांच्याजवळ बसे, कापसाला भाव काय, विहिरीला पाणी किती, सगळं बोले. एवढं एक बोललो नाही. मनाची समजूत अशी घातली होती की कागदच नाही, मग शब्द तोच होता कशावरून? आबांना सांगितलं असतं तर ते अक्कालाही सांगावं लागलं असतं, खरं कारण हे.

मग परवा, म्हणजे दोन वर्षं झाली, गावात फौजेत गेलेल्यांच्या नावांची दगडी पाटी बसवायचं ठरलं. मी जळगावहून सभेला गेलो. यादी वाचली, आबांचं नाव नाही. तरुण सरपंच नम्रपणे म्हणाला, सर, त्यांना काढून टाकलं होतं ना, माफी मागून सुटले असं सगळे म्हणतात. मी विचारलं, कोण सगळे? तो म्हणाला, असंच चालत आलंय, सर, आता कुणाला विचारणार? कुणाला विचारायचं ते त्याच्यासमोरच बसलं होतं. मी म्हणालो, महिनाभर थांबा. थांबले बिचारे दहा महिने.

आबांची पेटी माझ्या धाकट्या भावाकडे निघाली, आत सरकी भरलेली. झाकण ओल्या फडक्याने घासलं तर खाली पांढऱ्या रंगात आकडा, आधी एम टी आणि मग आबांचा फौजेतला नंबर. तो घेऊन मी माजी सैनिकांच्या कचेरीत गेलो, त्यांनी फौजेच्या जुन्या दप्तराचा पत्ता दिला, मी अर्ज केले, आठवणपत्रं केली. शेवटी उत्तर आलं. बाकीचे कागद नष्ट झालेत, फक्त रजिस्टरातली एक ओळ शिल्लक आहे. ड्रायव्हर, मोटार ट्रान्सपोर्ट. सैन्यकपातीमुळे सेवा समाप्त. कॅरॅक्टर, एक्झेम्प्लरी. पूर्ण शब्द, एकही अक्षर गेलेलं नाही. मी तो पोस्टमनसमोर उभ्यानेच वाचला.

धुळ्याला गेलो. अक्का आता तिथे देवपुरात मुलाकडे असते. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी पत्र तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं, फी माफीच्या फॉर्मसकट. ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, तुले कव्हय समजनं? मी, पत्र आल्यावर, असं म्हणू शकलो असतो, तिला काय कळणार होतं? पण मी म्हणालो, मास्तर झाल्यावर चौथ्या वर्षी. तिचा हात थांबला. तव्हय आबा व्हतात ना? मी म्हणालो, होते.

मग म्हणाली, मना लगीननं जाऊ दे, मना संसार व्हई गया. पन आबाले आते कोण सांगी?

तिने मला जेवू घातलं, पण माझ्याबरोबर बसली नाही. निघताना पाया पडलो तर डोक्यावर हात ठेवला, सुखी ऱ्हाय म्हणाली, नेहमी म्हणते तसंच. ते पत्र मात्र तिने परत दिलं नाही.

पाटीवर आबांचं नाव लागलं. तुम्ही हे लिहाल तेव्हा, ताई, एक विनंती आहे. सरांकडून वाचण्यात चूक झाली, असं लिहून सोडून देऊ नका. सरांना नववीच्या वर्गात कळलं होतं आणि आबा सात वर्षं समोर बसलेले असताना सर गप्प राहिले, असं लिहा. अक्काला आता डोळ्यांनी दिसत नाही. पण तिची सून शिकलेली आहे, ती वाचून दाखवेल.